भागूची पुढची प्रकरणं

सकाळी उठलं की इंद्रायणी वाजगेचं पहिलं काम पाण्याचं. एक लिटरची स्टीलची बाटली काठोकाठ भरायची आणि ओट्यावर ठेवायची. दिवसभराचं पाणी तेवढंच. चहा, आमटी, गोळ्या गिळायचा घोट, सगळं त्यातच बसवायचं. मूत्रपिंडांनी कामावरून रजा घेतली त्याला दहा महिने झाले होते, आणि ही रजा कायमची आहे हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. मंगळवार, गुरुवार, शनिवार सकाळी सात ते अकरा नारायणगावच्या दवाखान्यात डावा हात डायलिसिसच्या मशीनच्या हवाली करायचा, रिक्षानं वारूळवाडीला घरी यायचं आणि संध्याकाळपर्यंत पडून राहायचं. आई गेल्यापासून घरात ती एकटीच होती. फोन यायचे ते बहुतेक औषधांच्या दुकानातून.

ती मुलांसाठी कादंबऱ्या लिहायची. म्हणजे दोन लिहिल्या होत्या. पहिलीच्या तीन आवृत्त्या निघाल्या, गावोगावच्या शाळांतून पत्रं आली आणि इंद्रायणी मास्तरीण एकदम लेखिका झाली. दुसरीचे गठ्ठे पुण्याहून परत आले ते अजून पलंगाखाली होते. मुलांना आता असलं संथ काही नको असतं, असं प्रकाशकानं सोबत लिहिलं होतं. त्या एका वाक्यानं तिची सहा वर्षं खाल्ली. मग एके दिवशी एसटीच्या खिडकीतून मेंढरांमागं चाललेली एक पोर दिसली, आणि घरी येईपर्यंत भागू तयार झाली. लंगड्या मेंढीपायी मागं राहिलेली, आईबापाचा मुक्काम शोधत एकटीच निघालेली धनगराची पोर.

तिची लिहिण्याची एक तऱ्हा होती. आणे घाटावरल्या पठारावर एका वस्तीवर चौथीपर्यंतची शाळा आहे. प्रकरण लिहून झालं की शनिवारी सकाळच्या शाळेत ती ते पोरांना वाचून दाखवायची आणि विचारायची, सांगा, आता पुढं काय होईल? पोरं जे सांगतील ते सोडून दुसरंच काहीतरी लिहायचं. पोरांना ओळखता आलं ते प्रकरण बाद. अकरा प्रकरणं अशी झाली. अकराव्याच्या शेवटी भागू एका कोरड्या विहिरीच्या काठावर टेकली, आणि त्याच आठवड्यात इंद्रायणीचे पाय सुजले. पुढं शनिवार दवाखान्याकडं गेला. दहा महिने भागू विहिरीवर बसलेलीच होती. कोऱ्या कागदावर बाराचा आकडा तेवढा घातलेला होता. एवढं पुस्तक हातून पुरं व्हावं, याखेरीज देवाकडं मागण्यासारखं तिच्याजवळ आता काही उरलं नव्हतं.

फेब्रुवारीत टपालानं एक जाड पाकीट आलं. पाठवणारे त्या शाळेचे एकुलते एक शिक्षक, सावळेराम गुरुजी. आत रेघांच्या कागदांवर पोरांची चौदा पत्रं होती. पोरांना आपली आठवण आहे या विचारानंच तिचे डोळे भरून आले. चष्मा पुसून ती वाचायला बसली.

तिसरीतल्या राजनंदिनीनं लिहिलं होतं, ‘बाई, कोरड्या विहिरीत भागूनं मेंढीचं घुंगरू टाकलं आन खालून पान्याचा आवाज आला, ते लई आवडलं. मला वाटलं न्हवतं असं व्हईल.’

इंद्रायणीनं ते दोनदा वाचलं. पोरांची कल्पना झाली, गुरुजींनी निबंध लिहून घेतला असेल. तिनं दुसरं पत्र उघडलं. घुंगरू, विहीर, पाणी. तिसऱ्यातही तेच. चौदाही पत्रांत तेच, आणि त्यापुढचं एकेक प्रकरणही त्याच क्रमानं. ट्रक चालवणारी बाई, वाटेत चोरीला गेलेलं घोंगडं, ओढ्याकाठचं मेंढीचं आजारपण. चौदा पोरांच्या डोक्यात एकच कल्पना येत नाही हे तिला ठाऊक होतं. पोरांच्या कल्पना तिनं आयुष्यभर पाहिल्या होत्या.

तिच्या नियमानं ते सगळं बाद व्हायला हवं होतं. तिनं बाद केलं नाही. कागद पुढं ओढला आणि दोन दिवसांत पत्रांवरून बारावं प्रकरण लिहून काढलं. दहा महिन्यांनी भागू विहिरीवरून उठली. इंद्रायणीला इतका आनंद झाला की ती रडली, आणि आपण पोरांच्या दप्तरात हात घातलाय असंही तिला वाटत राहिलं.

तिसऱ्या दिवशी तिनं गुरुजींना आभाराचा फोन केला.

“आभार कसले, मॅडम?” गुरुजी म्हणाले. “पत्रं टपालानं घरी धाडा असं तुमीच म्हनाला व्हता. तुमी या आजारपणात एवढ्या लांब येता, आमालाच लाज वाटती. परवा तर उभ्या उभ्या दोन तांबे पाणी प्यालात. म्हनलं, उन्हाचं चालत आलात.”

“परवा?”

“शनवारी वो. सोळावं प्रकरण झालं की.”

आपण आलोच नव्हतो, हे शब्द तिच्या तोंडाशी आले होते. पण ते बोलल्यावर गुरुजी काय म्हणतील, आणि पोरं काय म्हणतील? तिनं विचारलं, “गुरुजी, माझी तब्येत कशी वाटली तुम्हाला?”

“झाक. पयल्यासारखी,” गुरुजी हसले. “चेहऱ्यावर तेज आलंय जरा.”

फोन ठेवून ती ओट्याजवळ जाऊन उभी राहिली. दुपारचे दोन वाजले होते आणि बाटलीत चार बोटं पाणी होतं. दोन तांबे म्हणजे तिचं दोन दिवसांचं पाणी. आधी तिला भीती वाटायला हवी होती. तिला आधी हेवा वाटला.

मंगळवारी हाताला सुया लावताना तिनं मशीनवरच्या आरतीला विचारलं, “गेल्या शनिवारी मी इथंच होते ना गं?”

आरतीनं रजिस्टर उघडून दाखवलं. आत आल्याची वेळ सहा पन्नास, बाहेर पडल्याची अकरा दहा. खाली तिचीच थरथरती सही. “चारी तास टक्क जाग्या व्हता, मॅडम,” आरती म्हणाली. “छताकडं बघत. सारखं पाणी मागत व्हता. काय झालं?”

“काही नाही. दिवस लक्षात राहत नाहीत.”

आरतीनं तिच्या हातावर थोपटलं. दवाखान्यात आजकाल तिला हात लावणारं एवढं एकच माणूस होतं.

पुढच्या आठवड्यात आणखी पत्रं आली. इंद्रायणीनं तेरावं लिहिलं, चौदावं लिहिलं, पंधराव्याला हात घातला आणि थांबली. घटना पत्रांतून येत होत्या, पण वाक्यं येत नव्हती. पोरं लिहायची, ‘भागू रडली ते वाचताना आमी समदी गप बसलो.’ पण कोणत्या शब्दांवर गप्प बसली? इंद्रायणीच्या कागदावर भागू नुसती रडत होती, आणि ते वाचून कुणी गप्प बसलं नसतं. कुणीतरी तीच गोष्ट तिच्याहून चांगली सांगत होतं. हे तिला आजारपणापेक्षा जास्त लागलं.

गुरुवारी गुरुजींचा मेसेज आला. ‘या शनिवारी शेवटचं प्रकरण असं तुम्ही म्हणाला होता. आमटी-भाकरीचं जेवण ठेवतो. थांबून जावे.’

तिनं दवाखान्यात हातापाया पडून शनिवारची पाळी शुक्रवारवर घेतली. “पुन्ना असं करू नका,” आरती म्हणाली. इंद्रायणीनं पुन्हा करणार नाही असं सांगितलं आणि ते खरंच होतं. शेवटचं प्रकरण एकदाच वाचलं जातं.

शनिवारी सकाळी ती एसटीनं आळेफाट्याला गेली, तिथून नगरच्या गाडीत बसली. घाट चढून गाडी पठारावर आली तशी खिडकीतून कोरडी वाऱ्याची झुळूक आली. फाट्यावर उतरल्यावर शाळा कोसभरही नाही. पूर्वी ती गाणं गुणगुणत जायची. आज तिला तीनदा बसावं लागलं. बाजरीचं रान कापून मोकळं झालं होतं. कुणाच्यातरी शेतात रात्री मेंढरं बसवलेली असावीत, लेंड्यांचा ओला वास वाटेवर पसरला होता. जीभ टाळूला चिकटली होती. दिवसाच्या पाण्यातलं निम्मं तिनं गाडीतच संपवलं होतं.

शाळा पन्नास पावलांवर आली आणि तिला आवाज ऐकू आला.

आवाज तिचाच होता. हल्लीचा नाही. घसा कोरडा पडण्याआधीचा, शब्दाच्या शेवटाला किंचित वर जाणारा. वर्षानुवर्षं ती त्या आवाजात वाचत आली होती. आपला आवाज बाहेरून असा ऐकू येतो हे तिला माहीत नव्हतं.

व्हरांड्याच्या पायरीवर ती टेकली. दारातून राजनंदिनी रिकामा तांब्या घेऊन बाहेर आली. तिनं इंद्रायणीचा सुजलेला, काळवंडलेला चेहरा पाहिला, हातावरच्या जाड फुगलेल्या शिरा पाहिल्या. ओळखीची खूण तिच्या डोळ्यांत कुठंच नव्हती.

“कुनाकडं आलाय, आजी?” तिनं हळू आवाजात विचारलं.

“मी... गोष्ट ऐकायला.”

“मग हितंच बसा. आमच्या बाई वाचत्यात. शेवटचं हाय.” राजनंदिनीनं रांजणातून तांब्या भरला आणि जपून, न सांडता, आत नेला.

खिडकी हाताच्या अंतरावर होती. इंद्रायणीला आतली पोरं दिसली. मांडी घालून, हाताची घडी घालून, कुणाच्याही पुढ्यात पाटी नाही, वही नाही. सगळी तोंडं टेबलाकडं वळलेली. कोपऱ्यातल्या खुर्चीत सावळेराम गुरुजीही तसेच बसले होते. टेबल खिडकीतून दिसत नव्हतं. दोन पावलं पुढं टाकली असती तर दिसलं असतं.

तिनं ती टाकली नाहीत. आपण आत गेलो तर वाचन थांबेल, एवढं तिला कळत होतं. आणि मग भागू कधीच घरी पोचणार नाही.

आत पाणी पिण्याचा आवाज झाला. सलग, घोटामागून घोट. तांब्या खाली ठेवल्याचा आवाज झाला.

इंद्रायणीनं पिशवीतून वही काढली आणि मांडीवर ठेवली.

‘भागू मुक्कामावर पोचली,’ आवाज वाचू लागला, ‘तेव्हा आईनं तिचं ताट वाढून ठेवलेलं होतं.’

हेच. नेमकं हेच. तिला सुचलं असतं तर असंच सुचलं असतं. ती भराभर लिहू लागली, पण बोटं कालच्या थकव्यानं जड झाली होती. अक्षरं वेडीवाकडी पडत होती. एक वाक्य लिहून होईतो दुसरं निघून जाईल म्हणून तिचा जीव खालीवर होत होता.

दुसरं गेलं नाही. आवाज संथ झाला. एकेक शब्द सुटा येऊ लागला, मध्ये जागा ठेवून.

‘इतके दिवस... कुठं होतीस... असं... तिला कुणी... विचारलं नाही.’

पेन थांबलं की आवाज थांबत होता. पेन चाललं की चालत होता.

पोरं हलली नाहीत. एकानंही मान वळवली नाही.

पान संपलं. तिनं उलटलं. शेवटच्या वाक्यावर बोटांत पेटका आला आणि पेन पायरीवर घरंगळलं.

आतला आवाज थांबला.

“कुणाचं राहिलंय का?” आवाजानं विचारलं.

वर्गात कुणीच लिहीत नव्हतं.

बाहेर, पायरीवर बसल्या बसल्या, इंद्रायणीनं उजवा हात वर केला.

आतून तेच वाक्य पुन्हा आलं, या वेळी अगदी सावकाश, आणि खिडकीच्या जरा जवळून.