शेळीच्या वर्षातला माणूस

क्वेनची स्कूटर चिखलात रुतली ती नेमकी एका पोकलेनसमोर. नववर्षाचा सण उरकला तरी धुक्यासारखी भुरभुर थांबली नव्हती, आणि होऊ घातलेल्या कारखान्याच्या जागेवर नुसता राडा झाला होता.

"उतरू नका," वरून आवाज आला. "बूट कायमचे आमच्याकडे राहतील."

पोकलेनचा पिवळा हात अलगद खाली आला आणि त्याची बादली पाटासारखी तिच्या पायाशी टेकली. ती बादलीत चढली, तशी त्या हाताने तिला उचलून कोरड्यात नेऊन ठेवलं. मग चालक उडी मारून खाली आला आणि स्कूटर ओढून काढली. गालावर चिखल, डोळ्यांत हसू.

"मी क्वेन. कोरियन कंपनीची दुभाषी. आपलं वय?"

आमच्याकडे हा प्रश्न पहिल्याच दमात विचारतात. वय कळल्याशिवाय समोरच्याला काय म्हणावं तेच कळत नाही. मोठा असेल तर मान द्यायचा, धाकटा असेल तर सरळ भाऊ करून टाकायचा. आणि वय सांगायचं ते बारा वर्षांच्या चक्रातल्या आपल्या जन्मसालाच्या प्राण्यावरून.

"मी कुत्र्याच्या वर्षातली," तिने आपलं सांगून टाकलं.

त्याने हातमोजे काढले... परत घातले. "मी तोआन. मी... शेळीच्या."

म्हणजे तिच्याहून तीन वर्षांनी मोठा. चेहरा कोवळा होता, पण असतात काही घराणी तशी, असं तिला वाटलं.

मग टपरीवरचा हिरवा चहा रोजचाच झाला. गाड्यांच्या तारा बनवणारा हा कारखाना, दोन हजार नोकऱ्या, दक्षिणेत कामाला गेलेल्या पोरींना घरी परतायची आशा... क्वेन बोलत राहायची आणि तोआन शेंगदाण्याच्या चिक्कीचा मोठा तुकडा तिच्याकडे सरकवत ऐकत राहायचा.

"तुम्ही अजून एकटे कसे?" एकदा तिनेच विचारलं.

"पोकलेनवर दुसरी सीट नसते. आणि तुम्ही?"

"एक होता. दोन वर्षांनी लहान. त्याच्या आईने चारचौघांत मला ताई म्हणायला लावलं त्याला, आणि त्याने म्हटलंही." ती हसली, पण ते हसू वरवरचं होतं. "तेव्हापासून कानाला खडा. लहान दिसला की भाऊ."

तोआनला चिक्की गिळवेना. तिला वाटलं, दाढ दुखत असेल.

भूमिपूजन आठवड्यावर आलं आणि गुरुजींनी घोळ घातला. कंपनीचे बेकसाहेब माकडाच्या वर्षातले, त्यांना हे साल वाईट. त्यांनी पहिली कुदळ मारली तर गावातला एकही मजूर विटेला हात लावणार नव्हता. तोड नेहमीचीच होती, वय उसनं घ्यायचं. ज्याचं साल चांगलं त्याने त्या दिवसापुरतं मालक व्हायचं आणि कुदळ मारायची.

"शेळीचं वर्ष उत्तम," गुरुजी म्हणाले.

"माझ्याकडे आहे माणूस," क्वेन म्हणाली. "मी हमी देते."

त्या संध्याकाळी तोआन दोनदा तिच्या दारापर्यंत आला आणि दोन्ही वेळा पपनस देऊन परत गेला. त्याला काहीतरी बोलायचं होतं हे तिला कळलं. काय, याचा तिने भलताच अर्थ लावला आणि रात्रभर गोड स्वप्नं पाहिली.

सकाळी मंडपात प्रांताचे अधिकारी, सोलहून आलेले पाहुणे, सगळं गाव जमलं. उकडलेली कोंबडी, चिकट भात, उदबत्त्या. उसना कोट घातलेला तोआन कुदळ घेऊन उभा राहिला. गुरुजींनी खूण केली. कुदळ वर गेली... आणि तशीच खाली आली, जमिनीला न लागता.

"माझ्याच्याने होणार नाही," तो म्हणाला. "मी शेळीच्या वर्षातला नाही. उंदराच्या."

मंडपात कुजबुज उठली. उंदरालाही हे साल वाईटच, आणि उंदीर म्हणजे क्वेनहून दोन वर्षांनी लहान. बेकसाहेब क्वेनकडे वळले. "काय म्हणतोय?"

दुभाष्याला शब्द गिळायची सोय नसते. तिने जसंच्या तसं सांगितलं.

"खोटं का बोलला, विचारा."

तिने विचारलं. तोआनने बेकसाहेबांकडे नाही, तिच्याकडे पाहिलं. "एक मुलगी आवडली होती. खरं सांगितलं असतं तर तिने मला भाऊ केलं असतं. पण माझ्या खोट्यावर तिचा कारखाना उभा राहू द्यायचा नाही मला."

क्वेनने तेही सांगितलं. एकेक शब्द कोरियनमध्ये, चारशे माणसांसमोर, लालबुंद होऊन.

"कोण मुलगी?" साहेबांनी विचारलं. एवढा एकच प्रश्न तिने भाषांतर न करता सोडून दिला.

बेकसाहेब तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मग हलकेच म्हणाले, "माझी बायको माझ्याहून चार वर्षांनी मोठी आहे. हे नका सांगू त्याला, डोक्यावर बसेल."

शेळीच्या वर्षातला खरा माणूस गर्दीतच निघाला, टपरीवालीचा नवरा. मुहूर्त टळायच्या आत त्याने कुदळ मारली आणि कारखान्याचं काम मार्गी लागलं.

तोआन पोकलेनच्या पायरीवर मान खाली घालून बसला होता, गालाला पुन्हा चिखल लागलेला. क्वेन समोर येऊन उभी राहिली.

"दोन महिने मला गंडवलंस."

ती पहिल्यांदाच त्याच्याशी अरे-तुरे बोलत होती. त्याला वाटलं, संपलं सगळं.

"हो. चुकलो."

"मी हमी दिली होती. तोंडावर पडले असते. आता म्हण मला ताई."

"बाकी काही सांग, ते नाही." त्याने मान वर केली. "मला तू हवीस, क्वेन. राग धर, बोलू नकोस वर्षभर, पण ताई नाही म्हणणार. कुणीही सांगितलं तरी."

कुणीही सांगितलं तरी... तिचा राग तिथेच विरघळला. दुसऱ्या कुणीतरी हेच म्हणावं म्हणून ती कधीकाळी किती थांबली होती. ती पायरीवर त्याच्याशेजारी बसली.

"गुरुजींना विचारून आलेय. उंदीर आणि कुत्रा."

"काय म्हणाले?"

"ठीकठाक जमतं म्हणाले. पण भांडणं फार होतील."

"मग?"

तिने त्याच्या गालावरचा चिखल अंगठ्याने पुसला. "मग काय... आजचं एक झालं."