बांधून ठेवलेल्या बकऱ्या

गुरुवारी सकाळी आठ वाजता गुन्नेल हेडलुंड ऑफिसच्या स्वयंपाकघरात कॉफी ओतायला गेली आणि ओततच राहिली. कप भरला, बशी भरली, कॉफी टेबलावरून तिच्या चपलेत उतरली, तरी तिचं लक्ष नाही.

समोरच्या भिंतीवर एक पडदा होता आणि पडद्यावर एक आकडा. काल संध्याकाळी तो होता बावन्न हजार तीनशे. आता होता एकेचाळीस हजार सहाशे.

एका रात्रीत जवळजवळ अकरा हजार माणसं नाहीशी.

ती बघत होती तेवढ्यात आणखी तीन गेली.

स्वीडनमधल्या शोव्दे गावातल्या ह्या कंपनीनं इंटरनेटवरचा एक खेळ काढला होता, 'हजार बेटं'. जगभरच्या माणसांनी एकाच वेळी घरबसल्या खेळायचा. प्रत्येकाला एक बेट, एक होडी आणि एक बकरी. महिन्याची वर्गणी भरायची आणि शेजाऱ्यांशी गप्पा मारत बेट सजवायचं. खेळ निघून सहा आठवडे झाले होते. स्टॉकहोमच्या पैसेवाल्यांतर्फे दीद्रिक नावाच्या माणसानं पहिल्याच दिवशी कागद करून घेतला होता: मिडसमरच्या, म्हणजे जूनमधल्या मोठ्या सणाच्या, आदल्या गुरुवारी, दुपारी बाराच्या ठोक्याला पडद्यावर चाळीस हजार किंवा जास्त असतील तर खेळ चालू. एकही कमी असला तर एकतीस जुलैला टाळं, आणि अठ्ठावीस माणसं घरी.

सहा आठवड्यांचं पोर तराजूत घालायचं आणि ते पहिलवान होणार की नाही ते सांगायचं, असला तो प्रकार. पण सह्या झाल्या होत्या. आणि तो गुरुवार आज उजाडला होता.

गुन्नेल त्या अठ्ठाविसातली एक. वय बासष्ट. तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसलेली. पोस्ट बंद पडलं तेव्हा इथे खेळणाऱ्यांच्या पत्रांना उत्तरं द्यायला आली. पाकिटावरचं अक्षर बघून आतला माणूस रडतोय की चिडलाय ते ती ओळखायची. एकदा तर पाकीट न फोडता तिनं एक घटस्फोट ओळखला होता, तोही नवराबायकोला सुचायच्या महिनाभर आधी.

मन मात्र लोण्याचं. मे महिन्यात कुणा म्हाताऱ्या कोळ्याचं पत्र आलं, की उन्हाळ्यात मी झोपडीवर असतो, तिथे वीज नाही, माझ्या बकरीला पाणी कोण पाजणार. गुन्नेल डोळे पुसत उठली आणि खेळ बांधणाऱ्या तोर्केलच्या टेबलावर पिवळी चिठ्ठी चिकटवून आली. त्यानं काहीतरी सोय करून दिली, म्हाताऱ्याचं आभाराचं पत्र आलं आणि ती विसरून गेली.

नऊ वाजता कंपनीची प्रमुख विवेका आली. पडदा बघितला आणि अंगातला कोट न काढताच खाली बसली.

"हे तोर्केलचं काम आहे," ती हळूच म्हणाली. "त्याला दुसऱ्या कंपनीनं बोलावलंय. जाताजाता घर पेटवून चाललाय."

गुन्नेलला ते पटेना. ज्यानं बकरीला रुसायला शिकवायला तीन महिने घातले, तो घर पेटवेल? तिनं वेलदोडा घातलेला एक पाव घेतला आणि तोर्केलसमोर ठेवला.

"मोजणीला हात लावलास?"

"मोजणी माझी नाहीच. स्टॉकहोमवाल्यांनी बसवलीय. पुढच्या महिन्याची वर्गणी कोण भरणार, तेवढं मोजते."

"काल काय बदललंस?"

"काही नाही. सणाच्या आधी दोन दिवस आम्ही कशालाच हात लावत नाही. तुला माहितेय की."

"बरं, गेलेली माणसं कुठली?"

त्यानं यादी काढली आणि पाव चावायचा थांबला. "आपलीच. स्वीडन, नॉर्वे, फिनलंड. जर्मनीतलं कुणी हललेलं नाही."

"दुसऱ्या कंपनीत जातोयस?"

तो कानापर्यंत लाल झाला. "नाही म्हणून कळवलं सोमवारी. बकरीत जीव अडकलाय."

दहाला दीद्रिकचा फोन आला. बेटावरच्या उन्हाळी घराकडे निघाला होता, फेरीबोटीच्या रांगेत गाडीत बसून बोलत होता. विवेकानं अकरा हजारांचं सांगितलं. तो हळहळला. मीच रोज तास तास खेळतो, म्हणाला, माझी बकरी तोर्केलच्या बकरीपेक्षा जाड आहे, शेजारच्या बेटावर गुन्नेल आहे तिला विचार. पण आकडा तो आकडा, बाराच्या आत त्याला मी हात लावणार नाही. आणि फोन बंद.

अकरा वाजता आकडा चाळीस हजार दोनशे. एक म्हणाला, सगळ्यांनी आपापल्या आईच्या नावानं वर्गणी भरू. विवेकानं ते कानावरही घेतलं नाही. पडद्याकडे बघण्यापलीकडे कुणाच्या हातात काही नव्हतं. कुणीतरी सणाचा स्ट्रॉबेरीचा केक आणून ठेवला होता, त्याला सुरी लागली नाही.

गुन्नेल मात्र पत्रं चाळत होती. चिडून जाणारा माणूस दार आपटल्याशिवाय जात नाही, हे तीस वर्षांचं शहाणपण. अकरा हजार गेले, म्हणजे निदान हजार शिव्या तरी हव्यात. शिवी एक नव्हती.

मग ती खेळात शिरली आणि गेलेल्यांच्या बेटांवरून होडी फिरवली. दारं नीट ओढलेली. होड्या किनाऱ्यावर पालथ्या घातलेल्या. आणि बकरी एकाही बेटावर नाही. जो कायमचा जातो तो बकरी विकतो. ह्या बकऱ्या होत्या शेजाऱ्यांच्या दारात, खुंट्याला बांधलेल्या, आणि प्रत्येकीच्या गळ्यात चिठ्ठी.

तिनं एक चिठ्ठी वाचली. मग दुसरी. मग तिनं टेबलावरचा पिवळ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा खिशात टाकला.

बाराला दहा मिनिटं असताना ती स्वयंपाकघरात आली. आकडा होता चाळीस हजार चार.

"चोर सापडला," ती म्हणाली. "पण आधी ऐका. शिव्या नाहीत, म्हणजे माणसं रागावून गेली नाहीत. बकऱ्या विकल्या नाहीत, म्हणजे परत येणार आहेत. फक्त आपल्याकडची गेली, तीही मिडसमर तोंडावर असताना. उद्यापासून आपला अर्धा देश कुठे असतो?"

"उन्हाळी घरावर," तोर्केल म्हणाला, आणि मग त्यानं डोकं धरलं. "अरे देवा. ते बटण."

"हो. 'सुट्टीवर जातोय.' ते दाबलं की बेट जपून राहतं, बकरी शेजाऱ्याकडे जाते आणि परत येईपर्यंत वर्गणी थांबते. जगात दुसऱ्या कुणाला असलं बटण सुचणार नाही. स्टॉकहोमची मोजणी म्हणते, वर्गणी थांबली म्हणजे माणूस गेला."

"पण हे बटण हवं असं कुणी म्हटलं होतं?" विवेकानं विचारलं.

गुन्नेलनं खिशातून पिवळ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला.

"मी."

विवेकानं कपाटातून कागद काढून पुन्हा वाचला. वर्गणी भरणारे, असंच लिहिलं होतं. सुट्टीवर गेलेले धरायचे तर दीद्रिकचा होकार हवा. तिनं फोन लावला. घंटा वाजली, वाजली, आणि कुणीतरी कापली. स्टॉकहोमच्या दुसऱ्या साहेबाला पत्र धाडलं. आपोआप उत्तर आलं, मी सुट्टीवर आहे, तातडीचं काम असेल तर दीद्रिकशी बोला.

चाळीस हजार दोन. चाळीस हजार एक.

बाराला पाच कमी. चाळीस हजार.

"आता थांब रे बाबा," तोर्केल पडद्याला म्हणाला. दोन मिनिटं आकडा खरंच थांबला. गुन्नेलनं श्वास धरला तो इतका, की पुढचा सगळा आठवडा तिला सोडायला पुरला म्हणतात.

बाराला दोन कमी असताना आकडा हलला. एकोणचाळीस हजार नऊशे नव्व्याण्णव. आणि बारा वाजले.

फोन पुन्हा लावला. आता बंद. त्या बेटावर फोन चालत नाही, हे दीद्रिक प्रत्येक पार्टीत कौतुकानं सांगायचा.

विवेकानं अखेर केक कापला, कारण तो टाकून देणं बरं दिसलं नसतं. मग एकेक जण मान खाली घालून सणाला निघून गेला. तोर्केल जाताना गुन्नेलच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बटण चांगलं होतं गं."

ती एकटी राहिली. शेवटचा कोण गेला ते तिला बघायचं होतं. यादी उघडायची गरजच पडली नाही. खेळातल्या तिच्या बेटावर, तिच्याच दारात, एक बकरी बांधलेली होती, धिप्पाड, एका होडीत न मावणारी. ती बकरी तिनं लगेच ओळखली. गळ्यात चिठ्ठी होती:

"गुन्नेल, हिला पाणी पाज. बत्तिसाव्या आठवड्यात येतो. खेळ फार सुंदर केलाय तुम्ही. दीद्रिक."

वर्षाचा बत्तिसावा आठवडा म्हणजे ऑगस्ट. खेळाला टाळं लागणार होतं एकतिसाव्या आठवड्यात, एकतीस जुलैला.

बकरी रुसून तिच्याकडे बघत होती. गुन्नेलनं डोळे पुसले, बादली घेतली आणि विहिरीकडे निघाली.