तीनला पाणी सोडायचं!

“नऊ! दहा!” बटाटा उड्या मारत मोजत होता. “अकरा! पोचले! आजोबा पोचले!”

आजोबांनी अकराव्या दगडावरून बेटाच्या वाळूत पाय टेकवला, काठी रोवली आणि मागे वळून नदीकडे पाहिलं. जणू ती त्यांनीच दुरुस्त करून चालू केली होती! आजोबा घड्याळजी होते. चाळीस वर्षं त्यांनी दुकानाच्या काचेमागे बसून लोकांची बंद पडलेली घड्याळं सुरू केली होती.

“वीस मिनिटं लागली,” वकील म्हणाला. तो तिघा भावंडांत मोठा, तेरा वर्षांचा. कशावरही वाद घालायचा, म्हणून वकील.

“लागू देत की! तुला कुठे गाडी पकडायचीये?” भिंग त्याच्यावर खेकसली. भिंग अकरा वर्षांची. जाड चष्म्यातून तिला बारीकसारीक सगळं दिसायचं. बटाटा आठ वर्षांचा, आणि तो बटाट्यासारखाच दिसायचा.

वीस मिनिटांचं कौतुक भिंगला ठाऊक होतं. गेल्या वर्षी आजोबा जिन्यावरून पडले. शेजाऱ्यांनी त्यांना बनियनवरच खुर्चीत घालून खाली नेलं, साऱ्या इमारतीच्या देखत. हाड जुळलं, पण त्यानंतर आजोबांनी फाटकाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. सुट्टीसाठी मामाच्या गावाकडच्या घरी आले, तिथेही घरातच बसून राहिले. सहलीचं ठरलं तेव्हा मात्र हळूच म्हणाले, “कुणी उचलणार नसेल, तर येतो.”

आणि आज ते स्वतःच्या पायांनी नदी ओलांडून आले होते!

मामाने सतरंजी अंथरली. तेवढ्यात वरच्या अंगाला, बंधाऱ्यावर उभा असलेला चौकीदार हात हलवून ओरडला. वाऱ्यावर त्याचे शब्द तुटक तुटक आले.

“तीनला... बेटावर... पाणी सोडायचं!”

“हो, हो!” मामानेही हात हलवला आणि मग तोंड वाकडं केलं. “ऐकलंत? म्हणे तीनला बेटावर पाणी सोडायचं! दुसरी कुणी बडी मंडळी येणार असतील. म्हणून आपण ही जागा त्यांना देऊन टाकायची!”

“देऊ की,” आई म्हणाली. “एवढं मोठं रान पडलंय.”

“मुळीच नाही, ताई! आधी आलो आपण. बघू तर कोण उठवतं मला!”

मग जेवण झालं. बाबांनी वर्तमानपत्र उघडलं आणि दुसऱ्या पानावर त्यांचा डोळा लागला. आई लोकरीचे टाके मोजत बसली. मामा तोंडावर टोपी ठेवून घोरू लागला. आजोबा झुडपाच्या सावलीत पाण्याकडे बघत बसले होते. इतके खुशीत, की त्यांच्याशी बोलावंसंही वाटेना.

“गंमतच आहे,” भिंग एकदम म्हणाली.

“कसली?” वकिलाने विचारलं.

“काठावरच्या त्या बाई बघ. वाळत घातलेले कपडे गोळा करतायत.”

“मग? वाळले असतील.”

“पाणी ठिबकतंय त्यातून! ओले कपडे कोण उचलतं? आणि सकाळी इथे दोन जण जाळी लावून बसले होते. तेही गेले. म्हशीसुद्धा गेल्या!”

“म्हशींना घरी काम असेल,” बटाटा म्हणाला.

भिंग हसली नाही. ती आजोबांच्या डोक्यावरच्या झुडपाकडे बघत होती. फांद्यांमध्ये वाळकं गवत अडकलं होतं. सगळं एकाच उंचीवर, तिच्या कमरेएवढं, आणि सगळं प्रवाहाच्या दिशेला वाकलेलं.

“वकील,” ती हळूच म्हणाली, “गवत तिथे कुणी नेलं?”

“वाऱ्याने.”

“वारा सगळं एका रेघेत लावतो, की पाणी?”

वकिलाने त्या रेघेशी स्वतःची कंबर मापून पाहिली. पुढच्याच क्षणी तो धडाधड दगड ओलांडून पलीकडे पळाला. त्या बाईंशी काहीतरी बोलला आणि तसाच धापा टाकत परत आला.

“मामाचं चुकलंय! जागेवर पाणी सोडायचं नाहीये. खरंखुरं पाणी सोडणार आहेत! बंधाऱ्याचे दरवाजे उघडून! कुठल्याशा दुरुस्तीसाठी. बघता बघता दगड बुडतात म्हणाल्या!”

आजोबांच्या मनगटावरच्या घड्याळात दोन वाजून एकतीस मिनिटं झाली होती.

वकील मामाला गदागदा हलवू लागला.

“मामा, उठा! नदीला पाणी सोडणार आहेत!”

टोपीखालून आवाज आला, “कोण म्हणालं?”

“काठावरच्या बाई!”

“अरे, त्या मंडळींनीच पढवलं असेल. आपल्याला हुसकवायला! मी ढिम्म हलणार नाही.”

“बाबांना उठवतो,” वकील कुजबुजला. “आजोबांना दोघं मिळून उचलतील, पाच मिनिटांत पार!”

“नाही!” भिंगने त्याचा हात धरला. “आज उचललं, तर ते परत कध्धीच बाहेर पडणार नाहीत. आत्ता निघालो तर ते चालत जातील. दगड रिकामे हवेत, आणि मामाची आरडाओरड नको.”

“पण मामाला हलवायचं कसं?”

भिंगने क्षणभर विचार केला. मग ती मोठ्याने ओरडली, “अगं बाई! पलीकडच्या वडाखालची जागा किती छान आहे! गार सावली! मामा, ती बडी मंडळी आली तर तीच पकडतील हं!”

टोपी उडाली. मामा ताडकन उठून बसला. “कोणती जागा? ती? छे! ती आपली!”

पुढच्या मिनिटाला सतरंजी खांद्यावर टाकून मामा दगडांवरून उड्या मारत होता. “भाऊजी, टोपली आणा! ताई, चल लवकर!” बाबा अर्धवट झोपेत टोपली घेऊन निघाले.

आई मात्र थांबली. तिने तिन्ही पोरांच्या तोंडाकडे पाहिलं. “खरं काय ते सांगा.”

भिंगने चार वाक्यांत सांगितलं. आईचा चेहरा उतरला. “अण्णांना मी–”

“अण्णा काही बहिरे नाहीत,” आजोबा म्हणाले. ते काठीवर रेलून उभे राहिले होते. “किती वाजता?”

“तीनला,” बटाटा म्हणाला. “आत्ता दोन पस्तीस.”

“म्हणजे पंचवीस मिनिटं. मला वीस लागतात. घाई करायची नाही. घाईत स्क्रू हातातून पडतो.”

भिंग पुढे, आई मागे. वकील आणि बटाटा दोन्ही बाजूंनी गुडघाभर पाण्यात. कुणी हात लावत नव्हतं. एक... दोन... तीन... चौथा दगड डगमगला. आजोबांची काठी घसरली, आणि आईचा हात आपोआप पुढे झाला.

“नको,” आजोबा म्हणाले. त्यांचा श्वास वाजत होता. “थांब जरा. जमेल.”

जमलं. पाच. सहा. सातव्यावर त्यांना दम खावा लागला. वकील सोडून कुणीच घड्याळाकडे बघितलं नाही. आठ. नऊ.

दहाव्या दगडावर होते, तेव्हा बंधाऱ्यावर काहीतरी करकरलं. पाठोपाठ घों घों आवाज आला.

“पाच मिनिटं आधी!” वकील ओरडला. “हे बेकायदा आहे!”

“वाद नंतर घाल!” भिंग किंचाळली. “वर ये! बटाट्याला घे!”

पाण्याची तांबूस, फेसाळ जीभ वळणावरून येताना दिसली. आजोबांनी तिच्याकडे बघितलंच नाही. त्यांनी अकराव्या दगडाकडे बघितलं. काठी टेकली, पाय उचलला, ठेवला. मग घोट्यापर्यंत चढलेल्या पाण्यातून काठावर. मग आणखी चार पावलं, चढावर.

मागे एकेक करत दगड दिसेनासे झाले. थोड्या वेळाने बेटही दिसेना. नुसते झुडपाचे शेंडे पाण्यावर थरथरत होते.

वडाखाली मामा सतरंजीचं टोक हातात धरून तसाच उभा होता.

तेवढ्यात चौकीदार धावत आला. “अहो, मी सकाळी सांगितलं होतं ना? तीनला बेटावर थांबू नका, नदीला पाणी सोडायचंय म्हणून!”

“थांबू नका?” मामा पुटपुटला. “ते... ते वाऱ्याने नेलं हो. मला वाटलं, जागेवर पाणी सोडायचं!”

“आणि पाणी सोडण्याआधीचा तुमचा भोंगा?” आईने चौकीदाराला विचारलं. “तो का नाही वाजवलात? आणि वेळेआधी दरवाजे उघडलेत ते?”

चौकीदाराने मान खाली घातली. “भोंगा बिघडलाय, बाई. तुम्ही हो म्हणालात म्हणून मीही खाली बघायला आलो नाही. चुकलंच माझं. आजच फलक लावतो.” मग त्याने पोरांकडे पाहिलं. “पण तुम्हाला कळलं कसं?”

“ओल्या कपड्यांवरून!” बटाटा म्हणाला. “आणि म्हशींना घरी काम नव्हतं!”

बाबांनी तिघांना एकदमच कवेत घेतलं. मामा भिंगसमोर उकिडवा बसला. “मला फसवलंस ना, गं?”

“हो, मामा.”

“बरं केलंस,” मामा म्हणाला. त्याने आजोबांकडे पाहिलं. “अण्णा, मी घरी ढाराढूर झोपलो असतो तरी परवडलं असतं. पोरं नसती तर...”

आजोबा सतरंजीवर बसून भिजलेले बूट काढत होते. त्यांनी भिंगला जवळ बोलावलं.

“मला उचलू नका, असं तू म्हणालीस. ऐकलं मी.”

भिंग लाजली. “तुम्हाला आवडलं नसतं.”

“नसतंच,” आजोबा म्हणाले. त्यांनी बुटातलं पाणी ओतलं, बूट उन्हात नीट शेजारी शेजारी ठेवले, आणि सगळ्यांकडे आळीपाळीने बघत विचारलं, “मग? उद्या कुठे जायचं?”