मिरचीचं मलम

"हे परत घ्या," काजलनं ट्यूब काउंटरवर सरकवली. "माही माय आधीच आगीनं तडफडून राह्यली, अन् डॉक्टर तिले मिरचीचं मलम देते?"

पुलगावच्या औषधांच्या दुकानात संध्याकाळची गर्दी होती. तिच्या मागं उभा असलेला तरुण हलकेच हसला. काजलनं वळून पाहिलं, तसं त्याचं हसू विरलं.

"डॉक्टर बरोबर सांगून राह्यले," तो म्हणाला. "मी केमिस्ट्री शिकवतो... म्हणून बोललो."

त्याचं नाव रत्नदीप. वर्ध्याच्या कॉलेजात नोकरी, पुलगावहून रोज गाडीनं जाऊन-येऊन. काजलच्या आईला, तानाबाईला, दिवाळीत नागीण उठली होती. फोड सुकले, पण पाठीची आग काही जाईना. पदर नुसता लागला तरी ती कळवळायची. आणि काजल तर शेजारच्या नाचणगावात मिरची कांडपाची गिरणी चालवणारी. मिरची काय करते, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

तरी दुकानाच्या पायरीवर उभी राहून तिनं त्याचं ऐकून घेतलं. मिरची खरं तर भाजत नाही, तो सांगत होता, ती नसांना फसवते. उष्णता ओळखणाऱ्या नसा उगाच ओरडत सुटतात. पण मिरचीतलं तेच द्रव्य, अगदी थोडं, रोज त्याच जागी लावत गेलं, की ओरडून ओरडून त्या नसा थकतात. मग दुखण्याचा निरोपही पोचवत नाहीत. सुरुवातीला चुरचुरेल. लावून झालं की हात साबणानं धुवायचे, डोळ्यांना लावायचे नाहीत.

"अन् गुण नाई आला तं?"

"तं मले बोला. हा घ्या नंबर."

तिनं नंबर घेतला तो भांडायलाच. आठवडाभरात भांडलीही, कारण तानाबाईची चुरचूर वाढली होती. त्यानं सगळं शांतपणे ऐकलं आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका, एवढंच म्हणाला. डॉक्टरांनीही धीर धरायला सांगितलं. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी तानाबाई पाठ टेकून गाढ झोपली... चार महिन्यांत पहिल्यांदा. काजल दारात उभी राहून पाहत राहिली. मग तिनं तिथूनच फोन लावला आणि कुजबुजत 'हॅलो' म्हणाली.

"झोपली?" त्यानंच विचारलं.

"हो... पाठ टेकून," ती म्हणाली.

त्यानंतर भांडण संपलं आणि प्रश्न सुरू झाले. पोपट मिरची खातो, त्याला काऊन झोंबत नाही? पाण्यानं तिखट उतरत नाही, दह्यानं कसं उतरतं? रत्नदीप रविवारी गिरणीवर येऊ लागला. पहिल्याच दिवशी शिंकून शिंकून बेजार झाला. तिनं मिरची उभी चिरली तेव्हा त्यानं दाखवलं – खरा तिखटपणा बियांत नसतो, बिया जिला चिकटतात त्या पांढऱ्या शिरेत असतो. बोलता बोलता तो शिरेकडं पाहायचं विसरला आणि तिच्या पापण्यांवरच्या लाल भुकटीकडं पाहत राहिला. काजलनं मान खाली घातली... आणि अजून एक मिरची चिरली, काही गरज नसताना.

तानाबाईनं त्याला जेवायला बोलावलं, तेव्हा कुठं कळलं, की गड्याला तिखट मुळीच सोसत नाही. काजल हसून हसून थकली. जेवणाच्या दिवशी मात्र तिनं गुपचूप दोन पातेली चढवली.

तानाबाईनं ताटांकडं पाहिलं, मग लेकीकडं.

"तीस वर्सं झाली या घरात सैपाक होऊन राह्यला," ती म्हणाली. "फिक्की भाजी पयल्यांदा शिजली." आणि ताक आणायचं निमित्त करून आत गेली.

काजलचे कान तापले.

"तुमचे कान लाल झाले," रत्नदीप हळूच म्हणाला. "अजून तं तुमी घासही नाई घेतला."

"तुमी खाली पाहून जेवा."

तो खाली पाहूनच बोलला. "वर्ध्यात खोली मिळत होती मले, कॉलेजजवळ. सोडली. तिथं... तिथं मले प्रश्न कोण विचारन?" त्यानं ताटातली फिक्की भाजी चमच्यानं ढवळली. "पण मी रोज जेवाले असलो, तं तुमाले रोज दोन भाज्या करा लागतीन."

काजलनं भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला. आत तानाबाई ताक घुसळत होती, गरजेपेक्षा जास्तच.

"दोन कायले?" शेवटी ती म्हणाली. "एकच करू. मधातली, ना तिखट ना फिक्की. पण रोज मी एकटीच नाई करणार."

"शिकवशील?"

पहिल्यांदाच तो तिला 'तू' म्हणाला होता. तिनं आपल्या ताटातला लालभडक रस्सा चमच्यानं उचलला आणि त्याच्या भाजीत कालवला. त्यानं घास घेतला. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, नाक लाल झालं... आणि तसंच हसत त्यानं ताट पुन्हा तिच्यापुढं धरलं.