येते हं

इंग्लंडातल्या रीडिंगहून चेडरच्या दरीला गाडीनं दोन तास लागतात. डॉक्टर उदय पेंडसे आणि त्याची बायको मधुमती दर ऑगस्टात तिथं सूर्यास्ताला जात. १९९०ची ही खेप मात्र शेवटची, असं उदयनं मनाशी पक्कं केलं होतं. मुलगी तर गेलीच होती. आता बायको डोळ्यांदेखत झिजत चालली होती आणि ते त्याला बघवत नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी सतरा वर्षांची सुनीती याच दरीच्या कड्यावरून पडली. त्या दिवशी खाली कार पार्कमध्ये ती "मी येतो" म्हणाली, तर मधुमतीनं तिथल्या तिथं सुनावलं, "येतो काय? येते म्हण. मुलगी आहेस ना?" इंग्लंडात वाढलेल्या पोरीला हे येतो-येते कधी जमलं नाही. ती फुरंगटून, एक शब्द न बोलता वर गेली. निघताना 'जातो', 'जाते' म्हणू नये, म्हणून घरात सगळे 'येतो', 'येते' म्हणत. लेकीचा तेवढा निरोपही आपण धड घेऊ दिला नाही, हे मधुमतीला जन्मभर खाणार होतं.

यंदा महिनाभर पाऊस नव्हता. गवत वाळून पिवळं पडलं होतं आणि मावळतीच्या उन्हात चुनखडीचे कडे राजस्थानातल्यासारखे तांबडे दिसत होते. दोघं कड्यावर उभी होती तिथून खालचा रस्ता करगोट्याएवढा. वारा पडलेला. आसपास चिटपाखरू नव्हतं.

"सुनू," मधुमतीनं हाक मारली.

दरीनं ती दोनदा परत केली. मग सगळं शांत झालं.

आणि खालून आवाज आला, "मी येतो."

कुणी टूरिस्ट असेल, असं उदयनं स्वतःला बजावलं. पण मराठीत?

मधुमती दचकली नाही. स्वयंपाकघरातून बोलावं तशी म्हणाली, "येतो नाही गं राजा. येते."

बराच वेळ काहीच नाही.

"येते," दरी म्हणाली. अगदी मधुमतीच्या आवाजात. एवढ्या उशिरा प्रतिध्वनी येत नाही, हे उदयला ठाऊक होतं.

त्यानं तिचा दंड धरला. "मधू, चल. लाइट जातोय, मग पाथ दिसणार नाही. प्लीज."

"तुम्ही व्हा पुढे." मग दरीकडे वळून ती हलकेच म्हणाली, "येते हं."

निरोप घेतला एकदाचा, असं वाटून उदयला भरून आलं. तो पुढे निघाला. मागे तिची पावलं वाजत होती, थेट कार पार्कपर्यंत.

गाडीत ती शेजारी बसली. भूक लागलीय म्हणाली, तीन वर्षांत पहिल्यांदा. उदयनं डोळे पुसले आणि इंजिन सुरू केलं.

तेव्हा वरून, कड्यावरून, मधुमतीची हाक आली. रडवेली.

"अहो, थांबा ना."

शेजारी बसलेली मधुमती शांतपणे खिडकीची काच वर घेऊ लागली.