भरतीचा फरक

“आकडा तंतोतंत जुळला की हुरळून जाऊ नकोस, पोरी. आधी संशय घे.” बंदर कचेरीतले थोरले साहेब निवृत्त होताना तिला एवढंच सांगून गेले होते.

तिचं काम भरती-ओहोटीचं कोष्टक करण्याचं. चंद्र कुठे, सूर्य कुठे, यावरून कोणत्या वेळी धक्क्यापाशी पाणी किती चढेल ते ती आधीच कागदावर मांडायची. त्या कोष्टकाच्या भरवशावर बोटी आत यायच्या.

तो तिला भेटला कचेरीच्या जिन्यात. गच्चीवर फूट-इंचांच्या खुणा रंगवलेला लांबच लांब खांब खाली नेताना वळणावर अडकला होता. तिने नजरेने जिना मापला, मनात गणित केलं.

“नाही जायचा. चार बोटं जास्त आहे.”

“असं का?” त्याने खांबाचं टोक छताकडे उचललं, जरासं तिरकं केलं... आणि खांब अलगद वळला. “त्याला कुणी सांगितलं नव्हतं हो, बाई.”

गणितात जिन्याची उंची धरायचीच राहिली होती. तिचे कान तापले — चुकल्यामुळे की त्याच्या हसण्यामुळे, ते मात्र तिला कळेना.

खांब धक्क्यावर रोवला गेला, आणि पाणी वाचण्याचं काम त्याच्याकडेच आलं. भरती पुरती चढली की तो फोन करी. नवं कोष्टक छापायच्या आधी तिचे आकडे पाण्याशी ताडून पाहायचे होते.

“पाच इंच जास्त,” तो पहिल्या दिवशी म्हणाला.

“अस्सं...” ती एवढंच म्हणाली.

आठवडाभर असंच चाललं. मग एकाएकी फरक मिटला. एक दिवस, चार दिवस, बारा दिवस! कागदावरच्या रेघोट्या एवढ्या मोठ्या समुद्राला कशा कळतात, या विचाराने तिला धड जेवण जाईना. फोन वाजला की मात्र ती ताटावरून उठून धावायची.

“पाण्याची उंची विचारतेस की त्याची?” आत्याने एकदा विचारलंच.

“पाण्याचीच गं, आत्या.”

“मग तू का अशी न्हाऊन निघाल्यासारखी दिसतेस?”

तेराव्या दिवशी वारा असा सुटला की आत्याच्या चादरी शेजाऱ्यांच्या खिडकीत जाऊन बसल्या. असा वारा पाणी किनाऱ्याकडे रेटतो, आकडा चढणारच. फोन आला. आकडा तिचाच, इंचाचाही फरक नाही.

ती तशीच धक्क्यावर गेली. खांबावरची ओली रेघ त्याने सांगितलेल्या खुणेच्या हातभर वर होती. बाजूच्या चौकीत तिचंच कच्चं कोष्टक टांगलेलं होतं.

“यातून वाचून सांगत होतात?”

त्याने मान खाली घातली. “फरक सांगितला की तुमचा आवाज पडायचा. ते... ऐकवत नव्हतं.”

“आणि हेच छापलं असतं, नि पाणी कमी भरलेल्या दिवशी एखादी बोट तळाला टेकली असती म्हणजे?”

तिला रडू येत होतं, आणि त्याच वेळी आत कुठेतरी गोडही वाटत होतं. दोन्ही एकदम कसं वाटतं, याचं कोष्टक कुणी केलेलं नव्हतं.

“चंद्र-सूर्य मला कागदावर कळतात,” ती हळूच म्हणाली. “वारा, गाळ, पाऊस हे सगळं फरकात असतं. तुमच्याकडून मला तेवढंच हवं होतं.”

“फरक शून्य झाल्याशिवाय दोघांचं जुळत नाही, असं मला वाटायचं.”

“दोघांचं म्हणजे? पाण्याचं आणि माझं?”

“...तिसरा कुणीतरी आहे त्यात.”

तिने चौकीतलं कोष्टक काढून घेतलं. “कसं जुळतं ते मला खरंच माहीत नाही,” ती म्हणाली. “पण रोज ताडून पाहता येईल.”

त्याने आपण होऊन नव्या साहेबांपुढे सगळं कबूल केलं. साहेबांनी त्याला उभ्या उभ्या सोललं, छपाई पंधरा दिवस पुढे ढकलली आणि हुकूम काढला की यापुढे खांब दोघांनी वाचायचा, दोघांनी सह्या करायच्या.

“दुसरं कोण जाणार?” साहेबांनी विचारलं.

“मी जाईन,” ती म्हणाली. “उद्यापासून.”

दुसऱ्या दिवशीची भरती उजाडतानाची होती. आत्या अजून झोपेत होती. तिने दिव्याला हात जोडले, चपला हातात घेऊन उंबरा ओलांडला. आज पाणी किती चढेल ते तिने चिठ्ठीवर लिहून, चार घड्या घालून मुठीत धरलं होतं — खांब वाचून होईपर्यंत त्याला दाखवायचं नाही म्हणून. दार आवाज न करता लोटून घेतलं, आणि ती धक्क्याच्या वाटेला लागली.