खर्ज कुठे गेला?

भंगारात द्यायला निघालेलं स्पीकरचं खोकं मी एकटीच जिन्यावरून उतरवत होते आणि मध्येच अडकले होते. वर जाता येईना, खाली येता येईना. तेवढ्यात खालून एकजण आला. सुजलेला गाल एका हाताने धरलेला. बहुतेक वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरकडे निघाला असावा. त्याने दुसऱ्या हाताने खोकं धरलं आणि माझ्याऐवजी खोक्याकडेच बघत राहिला.

"हा... टाकताय?"

"जोडीतले दोन्ही टाकतेय. नुसती चिरचिर वाजते. माझ्या नाचाच्या वर्गातल्या मुलांनी पावलं टाकायची कशावर?"

त्याने जिन्यातच खोकं टेकवलं, पुढची जाळी काढली आणि काळ्या पडद्याच्या मधोमध दोन बोटांनी हलकेच दाबलं. पडदा टुणकन वर आला.

"आवाज गेलेला नाही. हवा गळतेय. खोकं हवाबंद असलं की पडदा सावकाश वर येतो. जुनं लाकूड आहे, सांधे उघडले असतील. बंद केले की खर्ज परत येईल." मग त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं, आणि दाढ ठणकावी तसा चेहरा केला. "माझं... दुकान आहे. मागच्या गल्लीत."

दाढेमुळे चेहरा तसा झाला की माझ्यामुळे, हे मला कळेना. दुसऱ्या दिवशी मी दोन्ही खोकी घेऊन त्याच्या दुकानात हजर!

दुकान म्हणजे एक खोली. भिंतीला टेकलेली जुनी खोकी, गोंदाचा वास, बसायला एकच स्टूल. ते त्याने मला दिलं. मग खोक्यात एक जाडाभरडा सूर सोडला, लाकूड थरथरायला लागलं.

"आता सांध्यांजवळ गाल न्या. हाताला कळत नाही, गालाला कळतं."

"मी? मेकॅनिक तुम्ही की मी?"

"माझा हा गाल आजही डॉक्टरांनी बधिर केलाय," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "आणि दुसऱ्या गालावर... माझा भरवसा नाही."

मी हसत वाकले. खालच्या कोपऱ्यापाशी गालाला बारीकशी फुंकर लागली. "इथे!" मी ओरडले. तोही बघायला वाकला आणि आमची डोकी आपटली. "सॉरी," तो म्हणाला, ते बहुधा खोक्याला. मला तर हसावं की रागवावं, तेच समजेना.

रोज संध्याकाळी वर्ग सुटला की मी जायची. तो आतून सांध्यांत गोंद भरायचा, पडद्याच्या कडेखालची भुगा झालेली पट्टी खरवडून नवी बसवायचा, तारांच्या भोकाला पुट्टी लावायचा. कामाबद्दल धो धो बोलायचा. मी दुसरं काही विचारलं की वाक्य मध्येच सोडून द्यायचा. घरी ताई म्हणायची, "अगं, तो तुझ्यात गुंतलाय की खोक्यात, ते एकदा विचार तरी!" विचारणार कसं? मला स्वतःचंच कळत नव्हतं. त्यात लांबच्या शहरातल्या मोठ्या नृत्यशाळेचं बोलावणं आलं होतं आणि शनिवारपर्यंत हो-नाही कळवायचं होतं. मी ते त्याला सांगितलं. तो "छान," म्हणाला आणि गोंदाच्या डबीचं झाकण लावत बसला. मी त्या रात्री तळमळत राहिले.

खोकी तयार झाली. एकेक वाजवलं की ताल पोटात जाणवावा असा खर्ज! पण दोन्ही जोडीने लावली की खर्ज गायब. त्याने पुन्हा उघडली, पुन्हा सांधे तपासले, पुन्हा बंद केली. तेच. शनिवार उजाडला तरी तेच.

"एकटे असले की छान, जोडीने असले की मुके," मी म्हणाले. "ओळखीचं वाटतं, नाही?"

त्याचे कान लाल झाले. काहीतरी करायचं म्हणून त्याने एक साधी बॅटरी घेतली आणि आधी एका खोक्याच्या तारांना टेकवली, मग दुसऱ्याच्या. एकाचा पडदा पुढे आला, दुसऱ्याचा मागे गेला. तो मटकन खाली बसला.

"एकाच्या आतल्या तारा मी उलट्या जोडल्यात. एक हवा ढकलतोय, दुसरा ओढतोय. शिकाऊ पोरगासुद्धा ही चूक..."

"मग तुमची कशी झाली?"

"तारा जोडल्या त्या दिवशी तुमच्या गालाला पुट्टी लागली होती. सांगावं, की आपणच पुसावी... या विचारात लाल तार कुठली, काळी कुठली—"

"सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही पुसून टाकली असतीत."

त्याने तारा फिरवल्या, दोन्ही खोकी लावली आणि खोलीची जमीन घुमली. आता माझ्याकडे इथे यायला निमित्तच उरलं नव्हतं.

"आज उत्तर द्यायचंय," मी म्हणाले. "जाऊ की नको?"

"जाऊ नका."

दर वाक्यात अडखळणारा माणूस एका दमात बोलला! सकाळपासून मी ठरवलं होतं, तो असं म्हणाला तर राहायचं. आणि माझ्याच तोंडून निघालं, "मी जाणार आहे."

त्याने आवाज बंद केला.

"मग मला विचारलंत कशाला?"

"ऐकायचं होतं मला. तू म्हणेपर्यंत मला काही सुचतच नव्हतं. आता कळलं, मला ते काम हवंय." त्याचा चेहरा पडला, तसा मी त्याचा गोंदाने चिकट झालेला हात धरला. "आणि तूही हवायस. दोन्ही."

त्याने हात सोडवला नाही.

"त्या शहरात," त्याने हळूच विचारलं, "दुकानाला जागा... भाड्याने मिळत असेल?"

"मला काय माहीत? तूच चल बघायला."